वाचकांचे प्रश्न : इंजिन उघडावे, बदलावे, की गाडीच विकावी?

प्रश्न : महोदय, मी जालन्याला राहतो. माझ्याकडे २००७ सालची मर्सिडीज एसएलके २०० कॉम्प्रेसर ही छत मागे दुमडणारी दोन आसनी गाडी आहे. २०१६ मध्ये मी ती पुण्यातून जुनी विकत घेतली आणि आजवर तिचे ८१,००० किलोमीटर झाले आहेत. गेल्या हिवाळ्यापासून सकाळी गाडी पहिल्यांदा सुरू केली की बॉनेटखालून दोन-तीन सेकंद, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज यायचा आणि लगेच थांबायचा. पुढे दिवसभर गाडी उत्तम चालत असल्यामुळे मी तिकडे दुर्लक्ष केले. मध्यंतरी पंधरा दिवस बाहेरगावी होतो. परतल्यावर सेल मारला तेव्हा तोच आवाज मोठ्याने झाला, खाडकन काहीतरी आपटले आणि गाडी बंद पडली. शेजारच्या मिस्त्रींनी आठ-दहा वेळा सेल मारून पाहिला. इंजिन फिरते, पण नेहमीपेक्षा हलके आणि अडखळत फिरते. सुरू होत नाही.

गाडी फ्लॅटबेडवरून छत्रपती संभाजीनगरला नेली. एका वर्कशॉपने इंजिन न उघडताच ‘इंजिन संपले’ असे सांगून नव्या इंजिनाचा ११ लाख ४० हजारांचा अंदाज दिला. दुसऱ्या गॅरेजवाल्यांनी हेड, म्हणजे इंजिनाचा व्हॉल्व्ह बसवलेला वरचा भाग, उघडून २ लाख २५ हजारांत काम करतो असे सांगितले. तिसऱ्यांकडे जुने इंजिन आहे, ते बसवून ३ लाख ५० हजार म्हणतात. जुन्या गाड्यांचा एक व्यापारी गाडी आहे त्या अवस्थेत अडीच लाखांना न्यायला तयार आहे. चालू असती तर आठ-साडेआठ लाख आले असते, असे तोच म्हणतो. गेल्याच वर्षी मी टायर आणि एसीवर १ लाख १० हजार खर्च केले, तेही आता बुडाल्यासारखे वाटतात. नोंदणीचे नूतनीकरण २०२२ मध्ये पाच वर्षांसाठी केलेले आहे. घरात दोन तट पडले आहेत. मी काय करावे?
— एक वाचक, जालना

उत्तर : आपल्या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य त्या दोन-तीन सेकंदांच्या आवाजाचे आहे. आपल्या गाडीत १७९६ सीसीचे, चार सिलिंडर आणि सोळा व्हॉल्व्हचे एम २७१ जातीचे पेट्रोल इंजिन आहे. व्हॉल्व्ह उघडणारे त्याचे दोन्ही दांडे, म्हणजे कॅमशाफ्ट, एका बारीक साखळीवर, म्हणजे टायमिंग चेनवर, फिरतात आणि ती साखळी ताणून धरण्याचे काम ऑइलच्या दाबावर चालणारा टेन्शनर करतो. या इंजिनात कालांतराने साखळी लांबते आणि कॅमशाफ्टच्या टोकाला असलेल्या ॲडजस्टरचे दात झिजतात, हे त्यावर काम केलेल्या प्रत्येक मिस्त्रीला ठाऊक असलेले दुखणे आहे. रात्रभर गाडी उभी राहिली की टेन्शनरमधले ऑइल उतरते, सुरू करताना दाब तयार होईपर्यंत साखळी सैल राहते आणि ती सैल साखळी आजूबाजूला आपटून आवाज करते. आपली गाडी पंधरा दिवस उभी होती. त्या दिवशी सैल साखळी झिजलेल्या दातांवरून निसटून पुढे सरकली असावी. तसे झाले की व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ चुकते, उघडे राहिलेले व्हॉल्व्ह वर येणाऱ्या पिस्टनवर आदळतात आणि वाकतात. वाकलेला व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही, त्यामुळे त्या सिलिंडरात दाब तयार होत नाही आणि सेलला जोर लावावा लागत नाही. इंजिन हलके आणि अडखळत फिरते त्याचे कारण बहुधा हे, आणि अडखळत फिरते यावरून चारही सिलिंडर सारखे गेलेले नसावेत, असेही वाटते.

पत्रावरून बांधलेला हा अंदाजच आहे. मात्र त्यातून एक गोष्ट आजच करण्याजोगी निघते : बॅटरीची वायर काढून ठेवावी आणि यापुढे कोणालाही ‘एकदा बघू’ म्हणून सेल मारू देऊ नये. पहिल्या आघातात कदाचित दोन व्हॉल्व्ह वाकले असतील. पुढच्या आठ-दहा प्रयत्नांत किती वाकले हे हेड उघडल्यावरच कळेल. आपल्या मिस्त्रींचा हेतू चांगला होता, यात शंका नाही.

आता तीन अंदाजपत्रकांकडे वळू. ती एकाच कामाचे तीन भाव आहेत असे आपण धरले आहे आणि आपला गोंधळ तिथूनच सुरू होतो. पहिल्याने इंजिन गेले असे गृहीत धरले, दुसऱ्याने फक्त हेडचे नुकसान गृहीत धरले आणि तिसऱ्याने आपल्याकडे पडून असलेल्या इंजिनाला गिऱ्हाईक शोधले. आत काय मोडले आहे हे तिघांपैकी कोणीही पाहिलेले नाही. म्हणून पहिला खर्च तपासणीचा, आणि तो दुरुस्तीपासून वेगळा, पावतीसह करावा. ‘काम आमच्याकडे दिले तर तपासणी फुकट’ ही सवलत आपण घेऊ नये, कारण तशा तपासणीचा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो.

तपासणीचा क्रमही सांगतो, कारण त्यात पैसे वाचतात. आधी चारही कॉइल आणि चारही प्लग काढून प्रत्येक भोकातून बोअरस्कोप, म्हणजे टोकाला दिवा आणि कॅमेरा असलेली बारीक नळी, आत सोडावी. पिस्टनचा माथा कार्बनने काळा झालेला असतो. त्या काळ्यावर चंद्रकोरीच्या आकाराचे ताजे, चकचकीत ओरखडे दिसले तर तिथे व्हॉल्व्ह आदळला आहे, हे नक्की. नुसती खूण असेल तर पिस्टन वाचला. खड्डा पडला असेल किंवा काठ तुटला असेल तर वाचला नाही. त्याच वेळी सिलिंडरच्या भिंतीवर कारखान्यात मारलेल्या बारीक तिरप्या रेघांची जाळी शाबूत आहे, की तिच्यावर उभे चरे पडले आहेत, तेही पाहून घ्यावे. चित्रीकरण मागून घ्यावे. हल्ली साधा बोअरस्कोपही ते करतो.

यानंतर व्हॉल्व्ह कव्हर काढून साखळीच्या खुणा जुळतात का ते पाहावे. खुणा सरकलेल्या असतील तर नुसती कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरात तयार होणाऱ्या दाबाची मोजणी, घेण्यात अर्थ नाही. वेळच चुकलेली असल्यामुळे कॉम्प्रेशनच्या क्षणीही काही व्हॉल्व्ह उघडेच असतात आणि चांगला सिलिंडरही शून्य दाखवतो. अनेक गाड्यांवर ‘इंजिन संपले’ हा शिक्का याच आकड्यावरून बसतो. योग्य रीत अशी की दोन्ही कॅमशाफ्ट सोडवून घ्यावेत, म्हणजे स्प्रिंगांच्या जोरावर सगळे व्हॉल्व्ह बंद होतात, आणि मग प्लगच्या भोकातून हवा भरून ती कुठून फुसफुसते ते ऐकावे. सायलेन्सरच्या नळीतून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवा आत घेणाऱ्या बाजूने आली तर इनलेट व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून जोराने आली तर रिंगा किंवा पिस्टन, आणि रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे आले तर हेडखालचे गॅसकेट किंवा हेडला गेलेला तडा. ही तपासणी एका माणसाचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

हे सगळे हेड न उतरवता होते आणि त्यालाच माझ्या लेखी किंमत आहे. हेड उतरवलेली आणि नटबोल्ट डब्यात भरून ठेवलेली गाडी घ्यायला आलेला व्यापारी बंद इंजिनाच्या गाडीपेक्षाही कमी भाव देतो, कारण डब्यात काय हरवले आहे याची जोखीम त्याच्यावर येते. विकण्याचा विचार पक्का होत असेल तर तो हेड उतरवण्याआधी व्हावा.

बोअरस्कोपमध्ये पिस्टन आणि भिंती स्वच्छ दिसल्या तर मात्र हेड उतरवायला हरकत नाही. त्यासोबत खालचे चेंबर, म्हणजे इंजिनाखालचे ऑइल साठणारे पात्र, उघडण्याची अट मी घालतो. साखळी ज्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांमधून धावते त्या जुन्या झाल्या की ठिसूळ होतात आणि तुटलेला तुकडा ऑइलबरोबर थेट चेंबरमध्ये जातो. ही अट मी अनुभवाने शिकलो. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याच एका गाडीचे हेड मी मोठ्या टापटिपीने बांधले. व्हॉल्व्ह स्वतः सीटवर घासून बसवले, म्हणजे लॅप केले, नवी साखळी घातली, आणि चेंबर उतरवायचा कंटाळा केला. पाचशे किलोमीटरही झाले नसतील, तोच ऑइल पंपाच्या जाळीत नखाएवढा प्लॅस्टिकचा तुकडा अडकला, दाब गेला आणि क्रँकची बेअरिंगे चिकटली. पहिल्या कामाच्या दुप्पट खर्च दुसऱ्या कामाला आला. तेव्हा चेंबर उघडावे, जाळी पाहावी, ऑइल फिल्टरचा कागद पसरून उन्हात धरावा. लोखंडाचा कीस लोहचुंबकाला चिकटतो, ॲल्युमिनियमचा चिकटत नाही. चांदीसारखी बारीक चमक ऑइलभर पसरलेली दिसली तर बेअरिंग किंवा पिस्टन झिजत असल्याची ती खूण आहे आणि मग केवळ हेडचे काम करून भागणार नाही.

हेडचे काम आपल्याकडे उत्तम होऊ शकते. वाळूजला १९८५ मध्ये बजाज ऑटोचा आणि शेंद्र्याला २००१ मध्ये श्कोडाचा कारखाना आला; त्यांच्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या आधाराने छत्रपती संभाजीनगरात मिलिमीटरच्या शंभराव्या भागाशी रोज खेळणारी माणसे तयार झाली आहेत. व्हॉल्व्ह बदलणे, गाइड तपासणे, सीट कापणे, हेडला फेस मारणे, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट करणे, ही कामे त्यांना परकी नाहीत. फक्त मर्सिडीजचे नाव ऐकून भाव वाढू नये यासाठी हेड सुटे करून न्यावे, असे मी अर्धे गमतीने आणि अर्धे गांभीर्याने सांगतो. भागांचीही फारशी अडचण नाही. आपली गाडी दुर्मिळ असली तरी तिचे इंजिन दुर्मिळ नाही. तेच कॉम्प्रेसर, म्हणजे सुपरचार्जरने हवा दाबून भरणारे, इंजिन त्या काळच्या सी क्लास आणि ई क्लासमध्येही होते आणि त्या गाड्या आपल्या देशात मोठ्या संख्येने विकल्या गेल्या. हीच गाडी एखाद्या एकट्यादुकट्या इंजिनाची असती तर माझे उत्तर बरेच वेगळे झाले असते.

याच कारणामुळे जुने इंजिन मिळते, पण तिथे एक फसगत होण्यासारखी आहे. २०१० च्या सुमारास याच एम २७१ नावाखाली टर्बोचे, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर हवा दाबणारे, आणि सिलिंडरात थेट पेट्रोल सोडणारे सुधारित इंजिन आले. ते आपल्या गाडीला सरळ बसत नाही. संभाजीनगरकरांना ऑक्टोबर २०१० मधली, एकाच दिवशी १५० मर्सिडीज शहरात उतरल्याची गोष्ट आठवत असेल; तेव्हाच्या गाड्यांचे एखादे इंजिन कोणी ‘हेच ते’ म्हणून पुढे केले तर सुपरचार्जर आहे की टर्बो, एवढे पाहिले तरी खरेखोटे कळेल. इंजिन योग्य जातीचे निघाले तरी त्याचीही साखळी आपल्या साखळीइतकीच जुनी असणार, म्हणून बसवण्यापूर्वीच साखळी, दोन्ही ॲडजस्टर, टेन्शनर आणि गॅसकेटे नवी घालावीत. त्याचा साधारण एक लाख रुपये खर्च मी धरतो. इंजिनाचा संगणक आपलाच ठेवावा, कारण तो गाडीच्या चावीशी जोडलेला असतो. शिवाय इंजिनाचा क्रमांक बदलतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करण्यासाठी परिवहन कार्यालयाची मंजुरी लागते आणि बदल केल्यावर १४ दिवसांत तो कळवावा लागतो. ज्या इंजिनाचे बिल आणि मूळ गाडीचा कागद मिळत नाही, ते कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्या बॉनेटखाली असल्याचे कळण्याची वेळ नेहमी चुकीचीच असते.

आता पैशांचा हिशेब. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी ताडून पाहण्याची आपल्याकडे सवय आहे आणि ती दिशाभूल करते. ताडून पाहायचा तो बंद गाडीची किंमत आणि चालू गाडीची किंमत यांतल्या फरकाशी. बंद गाडीचे अडीच लाख मिळतात. चालू गाडीचे मी आठच धरतो, कारण इंजिन उघडलेले आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक घासाघीस करणारच. फरक झाला साडेपाच लाखांचा. हेडच्या मार्गाने सांगितलेले सव्वादोन लाख प्रत्यक्षात तीनपर्यंत जातील असे समजून चालावे. त्यावर गाडीची इतर देणी आहेत. पाच गिअरच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल आणि त्याच्या विजेच्या जोडणीतून होणारी गळती, छत हलवणाऱ्या हायड्रॉलिक सिलिंडरांची सीले, आणि कॅमच्या मॅग्नेटच्या प्लगमधून वायरिंगमध्ये चढणारे ऑइल, या तिन्ही गोष्टी या वयाच्या एसएलकेमध्ये तपासाव्याच लागतात. त्यांचे साठ हजार धरू. २०२७ मध्ये नोंदणीचे पुन्हा नूतनीकरण येईल. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेप्रमाणे वीस वर्षे ओलांडलेल्या साध्या कारला त्याचे शुल्क १०,००० रुपये आहे, पण आयात केलेल्या चारचाकीला ८०,००० आहे. आपली गाडी आयात वर्गात नोंदलेली आहे का, ते आरसीवर पाहून घ्यावे. तूर्त ऐंशी हजारच धरले तर एकूण ४ लाख ४० हजार होतात आणि फरकाच्या आत बसतात. जुने इंजिन बसवण्याचा मार्ग याच पद्धतीने ५ लाख ९० हजारांवर जातो, म्हणजे व्यवहार म्हणून तो चाळीस हजारांनी तोट्याचा आहे. नवे इंजिन या हिशेबात येतच नाही. ते अंदाजपत्रक मी फाईललाही लावणार नाही.

टायर आणि एसीचे १ लाख १० हजार या हिशेबात कुठेही नाहीत, हे आपल्या लक्षात आले असेल. गाडी ठेवली काय आणि विकली काय, ते पैसे खर्च होऊन गेले आहेत. ते वसूल व्हावेत म्हणून दुरुस्ती करू नये आणि ते गेले म्हणून चिडून गाडी फुंकूनही टाकू नये. विम्याकडूनही आशा नको, कारण नेहमीच्या मोटार पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड येत नाहीत.

माझे मत विचाराल तर असे : बोअरस्कोपमध्ये पिस्टन आणि भिंती स्वच्छ निघाल्या तर हेडची दुरुस्ती करावी, साखळीसह सगळे जोडभाग नवे घालावेत आणि गाडी ठेवावी. एखाद-दुसऱ्या पिस्टनला खड्डा असेल पण भिंती चांगल्या असतील तर तेवढे पिस्टन बदलूनही काम होते; तिथे साडेतीन लाखांची लेखी मर्यादा घालावी आणि ती ओलांडणार असे दिसताच मिस्त्रींना काम थांबवायला सांगावे. भिंतींवर चरे असतील किंवा ऑइलमध्ये चमक असेल तर मग गाडीवर जीव किती आहे, हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर आपल्या घरातच मिळेल. जीव असेल तर कागदपत्रांचे जुने इंजिन, नसेल तर हेड न उतरवता त्याच व्यापाऱ्याला गाडी द्यावी. दोन्हीत चूक काही नाही. मात्र गाडी दोन वर्षे ताडपत्रीखाली ठेवून ‘बघू पुढे’ म्हणणे हा चौथा मार्ग आपल्याकडे सर्वांत लोकप्रिय आहे आणि तोच सर्वांत महाग पडतो. जालन्याच्या बेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात उभ्या गाडीची सीले वाळतात, उंदीर वायरिंग कुरतडतात आणि अडीच लाखांचे सव्वा लाख होतात.

काम कोणालाही द्या, काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागा. सोळा व्हॉल्व्हपैकी किती वाकले होते हे काचेवर लोळवून पाहिले की आपल्यालाही दिसते. सरळ व्हॉल्व्ह सरळ लोळतो, वाकलेला लंगडतो.

प्रश्न : माझ्याकडे २००२ सालची फियाट पॅलिओ १.६ जीटीएक्स आहे. औसा रस्त्यावर रेडिएटरचा होज फुटला आणि ते लक्षात येईपर्यंत गाडी तीन-चार किलोमीटर चालली. आता ऑइल ताकासारखे पांढरट झाले आहे. फक्त हेड गॅसकेट बदलून चालेल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : फक्त गॅसकेट बदलून देणारे पुष्कळ भेटतील आणि त्यांतले निम्मे काम तीन महिन्यांत परत येईल. ऑइलमध्ये पाणी मिसळले आहे, तेव्हा गाडी आता एक किलोमीटरही चालवू नये. पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगवर थर धरत नाही, त्यामुळे गॅरेजपर्यंतचा प्रवासही टोचन करूनच व्हावा.

हेड उतरल्यावर त्यावर पोलादी सरळ पट्टी लांबीत, रुंदीत आणि दोन्ही तिरप्या रेषांत ठेवून तिच्याखाली ०.०५ मिलिमीटरची फीलर पट्टी शिरते का ते आपण स्वतः उभे राहून पाहावे. शिरत असेल तर हेड वाकले आहे आणि फेस मारावा लागेल. त्याआधी हेड दाबाच्या पाण्याखाली किंवा हवेखाली तपासून तडा नसल्याची खात्री करून घ्यावी; तडा गेलेल्या हेडला फेस मारणे म्हणजे मजुरी वाया. ॲल्युमिनियम फार तापले की मऊ पडते, मग नवे गॅसकेटही त्यावर पकड धरत नाही, म्हणून मशीन शॉपमध्ये कठीणपणाही मोजायला सांगावा.

२००१ मध्ये जेव्हा ही गाडी आली तेव्हा त्या किमतीत शंभर अश्वशक्तीचे इंजिन दुसरीकडे मिळत नसे आणि आजही तिच्या स्टिअरिंगची आठवण काढणारे लोक मला भेटतात. बाजारात मात्र तिला भाव नाही. तेव्हा हेड सरळ आणि अखंड निघाले तर काम निःसंकोच करावे, टायमिंग बेल्ट, त्याचे बेअरिंग आणि वॉटर पंप त्याच वेळी नवे घालावेत, आणि ऑइल दोनदा बदलावे : पहिले थोडा वेळ इंजिन चालवून लगेच, दुसरे पाचशे किलोमीटरवर. हेडला तडा निघाला तर त्याच इंजिनाचे चांगले जुने हेड हाती येईपर्यंत एकही रुपया खर्च करू नये.

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात बिंदुसरा नदीचे पाणी आमच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरले. माझी जुनी दोन आसनी पेट्रोल गाडी बॉनेटपर्यंत बुडाली होती. चौकीदाराने पाणी ओसरल्यावर एकदा सेल मारला, इंजिन ‘ठक्’ करून अडकले. तेव्हापासून गाडी तशीच आहे. इंजिन गेले असे समजू का?
— एक वाचक, बीड

उत्तर : अजून समजू नये. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असताना पिस्टन वर येऊ पाहतो तेव्हा तो अडतो आणि इंजिन वेगात असेल तर पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. केवळ सेलच्या जोरावर अडकलेल्या इंजिनात रॉड वाचण्याची शक्यता चालत्या इंजिनापेक्षा पुष्कळ जास्त असते. इतके महिने पाणी आत राहिले असेल तर गंजाची भीती मात्र खरी आहे.

विम्याचा सर्वेक्षक यायचा नसेल तर सर्व प्लग काढावेत, प्रत्येक भोकात थोडे ऑइल सोडून एक दिवस मुरू द्यावे आणि मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने, सावकाश फिरवावे. पाणी उरले असेल तर ते प्लगच्या भोकांतून उडेल, म्हणून चेहरा बाजूला ठेवावा. इंजिन फिरले तर एक लांब, सरळ लाकडी काडी प्लगच्या भोकातून पिस्टनवर टेकवून पिस्टन सर्वांत वर आल्यावर काडीवर खूण करावी आणि हेच प्रत्येक सिलिंडरात करावे. सर्व खुणा एका उंचीवर आल्या तर रॉड सरळ आहेत. पुढे ऑइल, फिल्टर, वायरिंगची जोडणी आणि कॉम्प्रेशन पाहून गाडी सुरू करण्याचा विचार करता येईल. एखादी खूण इतरांपेक्षा मिलिमीटर-दीड मिलिमीटर खाली राहिली तर त्या सिलिंडरचा रॉड वाकला आहे. तेव्हा इंजिन उतरवावे लागेल आणि जालन्याच्या वाचकांसाठी वर मांडलेला फरकाचा हिशेब आपणही मांडावा.

विमा असेल तर पॉलिसीत इंजिन संरक्षणाची जोड घेतली होती का ते पाहावे. ती नसेल तर पाण्यात बुडालेल्या गाडीला सेल मारल्यामुळे झालेले इंजिनाचे नुकसान कंपनी बहुधा नाकारते. पण बैठका, वायरिंग आणि आतले भाग भिजल्याचे नुकसान पुराच्या दाव्यात मागता येते. दावा नोंदवायला उशीर झालेला आहेच, तरी पार्किंगमधल्या पाण्याची त्या दिवशीची छायाचित्रे आणि तलाठ्यांचा पंचनामा असेल तर तो जोडून अर्ज करावा, आणि सर्वेक्षक येऊन जाईपर्यंत प्लगला हात लावू नये.